तुमचा वर्षावास, माझी भाकर

पुलगाव,
३० जुलै २०२४

विवेकच्या बाबांना,

जयभीम. राग अजून उतरलेला नाही, तरी लिहायला बसले आहे. फोन केला की तुम्ही "आवाज तुटून राह्यला" म्हणता आणि फोन सूनबाईच्या, नंदिनीच्या हातात देता. तिच्या हातात गेला की आवाज छान येतो, हेही नवलच. पत्राला आवाज तुटायची सोय नाही, म्हणून हा उद्योग. पोस्टातल्या पोरीनं आंतर्देशीय पत्र शोधायला अर्धं कपाट उपसलं आणि वर मला विचारलं, "आजी, कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, तसंच समज.

तुम्ही विवेकच्या गाडीत बसताना सगळ्या आळीसमोर जे बोललात, ते माझ्या कानातून जात नाही. "पथ्य हे पैशेवाल्यायचं काम हाय. आपल्या पेन्शनीत पोट भरते, तब्येत नाई भरत. मी चाल्लो सुनेकडं." सेवाग्रामच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं की तीन महिने खाण्यावर लक्ष द्या, शुगर उतरली तर गोळीवर भागेल, नाही तर इन्सुलिनची सुई. मी लक्ष दिलं. चार दिवस भाकर, पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा दिला. पाचव्या दिवशी स्कूटरच्या डिक्कीत रेनकोटात गुंडाळलेला गोरसपाकाच्या गोड बिस्किटांचा पुडा सापडला. चोरी तुमची, आणि घर सोडून गेलात तेही तुम्हीच! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आषाढी पौर्णिमेला आपल्या विहारात भंतेजींचा वर्षावास सुरू झाला. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, फिरायचं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीही नेमक्या त्याच आठवड्यात निघालात. भंतेजींचा वर्षावास विहारात आणि तुमचा सुनेच्या चौथ्या मजल्यावर.

तर आता माझं म्हणणं नीट ऐका. तुमच्या मित्राची, बंडूजींची, शुगर तुमच्याच दिवशी तपासली होती आणि तुमच्यापेक्षा थोडी जास्तच निघाली. आजपासून ते दोन्ही वेळा आपल्याकडे जेवतील. पेन्शनीतच चालवीन, विवेककडून एक पैसा घेणार नाही. तुम्ही तिकडे नंदिनीच्या हातचं महागाचं खा. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्याच्या आधी दोघांनी ती तीन महिन्यांची शुगर तपासायची. बंडूजींची उतरली तर तुम्ही मुकाट्यानं घरी यायचं आणि ताटात पडेल ते खायचं. नाही उतरली तर मी हरले. घराला कुलूप लावून मी पुण्याला येते. त्या लिफ्टमध्ये माझा जीव घुसमटतो, तिथं मला बोलायला माणूस नाही, विहार नाही, अंगण नाही, हे सगळं माहीत असून लिहिते आहे.

तुमची,
तानाबाई

ता. क. गोरसपाक मी आळीतल्या पोरांना वाटून टाकला.

---

पुलगाव,
१० ऑगस्ट

विवेकच्या बाबांना,

पैज मंजूर असल्याचा निरोप नंदिनीकडून मिळाला. स्वतः बोलला असतात तर जीभ झिजली नसती.

शेजारच्या सरितानं काल मोबाइलवर तुमच्या ताटाचा फोटो दाखवला. सरिता सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला आहे, म्हणून मी तिलाच पंच नेमलं आहे. फोटोत एक पांढरी वाटी, वाटीत ओलं भुश्श्यासारखं काही आणि त्याच्यावर जांभळाची पोरंटोरं शोभतील अशी इवलीशी फळं. सरितानं त्या फळांचा भाव सांगितला. मी म्हटलं, बाई, एवढ्यात आमचा बाजार होतो. तुमचं तोंड मात्र फोटोत दिसलं नाही. मला ते तोंड पाहायचं होतं.

इकडची हकिकत अशी. पहिल्या दिवशी बंडूजी इस्त्रीचा शर्ट घालून जेवायला आले. ताटात ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, मोटाची उसळ (नंदिनी मटकी म्हणते ती) आणि जवसाची चटणी. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, भात विसरल्या काय?" म्हटलं, भात मूठभर, शेवटी. "अन् गोड?" म्हटलं, गोड बोला. बिचारे जेवले. पण हात धुताना म्हणाले, "वहिनी, हा तरोटा तं आमच्या घरामागं उकिरड्यावर उगोते. मी त्याच्यावर आजवर पाय देऊन चालत गेलतो." दुसऱ्या दिवसापासून पिशवीभर तरोटा तेच खुडून आणू लागले. माझा भाजीचा खर्च तिथंच मिटला.

ज्वारी अल्लीपूरच्या ताईकडून आली आहे. तिनं एसटीत कंडक्टरजवळ पोत्याचा कट्टा ठेवला आणि मला फोन केला, "घेऊन येजो स्टँडावर, लाल फितीनं बांधला हाय." मोट, चणे, जवस हे सगळं किराण्यातल्या खालच्या खणात असतं. वर काचेत बिस्किटं, खाली पोत्यात ताकद. दुकानदारसुद्धा वाकायचा कंटाळा करतो, पण मी वाकायला लावते.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस मी चहा आणि टोस्टवर काढले. एकटीसाठी पीठ मळावंसं वाटत नाही. दुसऱ्याच्या पथ्याच्या गप्पा मारणारी मी, आणि माझ्याच गॅसवर फक्त चहाचं भांडं. बंडूजी जेवायला येऊ लागले तशी मी परत रांधू लागले. हे तुम्ही कुणाला सांगू नका.

तुमची,
तानाबाई

---

पुलगाव,
२८ ऑगस्ट

विवेकच्या बाबांना,

तुमचा निरोप पोचला. विवेकनं फोनवर तो अगदी तुमच्या आवाजात सांगितला, "बंडूले माया ताटात वाढू नोको म्हन तुया मायले." मी आणि सरिता पोट धरून हसलो.

तुमच्या ताटात! ज्या ताटावर तुमचं नाव कोरलेलं आहे, डेपोतून रिटायर झालात तेव्हा मित्रांनी दिलेलं! हो, वाढते. त्याच ताटात वाढते. काय कराल? ताट मोठं आहे, काठ उंच आहेत, उसळीचा रस्सा वाहत नाही. तुम्ही चौथ्या मजल्यावर वाटीत जेवा. मालक पुण्यात, ताट पुलगावात, त्याला गंज चढू देऊ का?

बंडूजींना मी तुमचा निरोप सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी जेवणंच सोडलं असतं. तुमचे मित्र आहेत ते, तुमच्याइतके दगड नाहीत. रोज विचारतात, "प्रेमदासचा फोन आला काय?" मी म्हणते, आला होता, तुमची चौकशी करत होते. तुमच्यासाठी मी खोटं बोलते, तेवढं लक्षात ठेवा.

आता अंबाडी आली आहे. बाजारात जुड्यांचे ढीग पडलेत. अंबाडीची भाजी कशी करते ते लिहिते, म्हणजे तुमच्या तोंडाला तिथं पाणी सुटेल. पानं निवडून उकडायची, पाणी पिळून टाकायचं म्हणजे आंबटपणा ताळ्यावर येतो. मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, आणि वरून लसणाची फोडणी. तेल थोडं, लसूण भरपूर. बंडूजींनी काल दोनदा मागून घेतली. म्हणाले, "हॉटेलातला आलूबोंडा खाऊन जे समाधान भेटत नाई, थे इथं भेटून राह्यलं." त्यांची बायको गेल्यापासून हा माणूस सकाळी आलूबोंडा आणि संध्याकाळी ब्रेड खाऊन जगत होता, आणि वर म्हणायचा की घरी रांधणं महाग पडतं.

नंदिनीला हल्ली काय झालं आहे? परवा तिनं फोन करून विचारलं की मोटाला मोड यायला कापडात बांधून ठेवायचं की नुसतं झाकून. काल विचारलं, जवस भाजून वाटायचे की कच्चे. पोरगी हुशार आहे, शिकून घेते आहे. मी सगळं नीट सांगितलं. माझ्या शत्रूच्या छावणीत का असेना, सून माझीच आहे.

तुमची,
तानाबाई

---

पुलगाव,
१७ सप्टेंबर

विवेकच्या बाबांना,

आज भांडायचं नाही. आज खरं खरं लिहायचं आहे.

तुम्ही म्हणालात ते सगळंच खोटं नव्हतं. मी महिनाभर बाजारात नजर ठेवून हिंडले आहे. सफरचंद आपल्याला परवडत नाही. डॉक्टर म्हणतात रोज एक फळ खा. डॉक्टरांचं काय जातं? रानातले काटवल भाजीला आले तेव्हा मी नुसता हात लावून परत ठेवले. तुरीची डाळ एवढी चढली आहे की वरणात तिचं पाणी जास्त आणि तीच कमी. दूधही विचार करून घ्यावं लागतं. बाजारात एक बाई रडणाऱ्या पोराच्या हातात कुरकुऱ्याचा पुडा देत होती. मी तिला टोकणार होते, पण पिशवी सावरून पुढे निघाले. पेरूपेक्षा तो पुडा स्वस्त पडतो आणि पोर लगेच गप्प होतं. तिला काय म्हणून शहाणपण शिकवायचं?

पण त्याच बाजारात पेरू संध्याकाळी उतरतो. अंडं आहे. सुके झिंगे आहेत, मूठभर टाकले की वांग्याला जीव येतो. बरबटीच्या शेंगा आहेत. सरिताच्या अंगणातलं शेवग्याचं झाड आहे, त्याचा पाला ती फेकून देत होती. तेव्हा मला समजलं ते असं: स्वस्त अन्नाला पैसा लागत नाही, बोटं लागतात. अंबाडीची एक जुडी निवडायला सकाळ जाते. शेवग्याचा पाला ओरबाडायला बसलं की पाठ धरते. मोट आदल्या दिवशी आठवून भिजवावे लागतात. कामावर जाणाऱ्या बाईनं हे कधी करायचं? सरिता दवाखान्यातून येते ती थकून येते, आणि मुलाला मॅगी करून देते. तिला पगार आहे, वेळ नाही. आपल्याकडे वेळ आहे, पण तो इतकी वर्षं एकट्या माझ्याच बोटांचा होता.

म्हणून मी बंडूजींना कामाला लावलं. ओसरीवर पेपर पसरते, जुडी समोर टाकते. पहिल्या दिवशी त्यांनी पानं टाकून देठ ठेवले! आता असे निवडतात की बाजारातल्या बाईनं उभं राहून पाहावं. सरितालाही आम्ही निवडलेली भाजी डबाभर देतो आणि ती बदल्यात शेवगा देते. परवा तिकडून जाणारे तुमचे डेपोवाले प्रभाकरराव थांबून म्हणाले, "काऊन बंडूजी, बायकायचं काम करून राह्यले?" बंडूजी मान वर न करता म्हणाले, "शुगर बायकायलेच होते काय? बसा, अर्धी जुडी तुमी घ्या." आणि प्रभाकरराव चक्क बसले! आता ते रोज येतात. चहा मागतात, तेवढा खर्च वाढला आहे.

ओसरीवर हसणं चालू असतं आणि मी आत भाकर थापत असते. तेव्हा वाटतं की तुमचा आवाज त्यात हवा होता. मला तुमची आठवण येते. लिहून टाकलं. आता पत्र परत फाडणार नाही, आंतर्देशीय वाया जातं.

तुमची,
तानाबाई

---

पुलगाव,
१३ ऑक्टोबर

विवेकच्या बाबांना,

सगळं पाण्यात गेलं.

काल विजयादशमी. दीक्षाभूमीवर जायला बंडूजी पहाटेच्या गाडीनं नागपूरला निघाले. जाताना मी डबा दिला: भाकर, चटणी, उकडलेले चणे. चारदा बजावलं की बाहेरचं काही खायचं नाही, तपासणी तोंडावर आली आहे. "चिंता नोका करू वहिनी," म्हणाले.

आणि तुम्हाला तर माहीत आहे तिथं काय असतं. स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना भोजनदानाचे मंडप. कुणी बँकेतले, कुणी रेल्वेतले, कुणी कॉलेजची पोरं, सगळे हाक मारून मारून वाढत असतात. पुरीभाजी, मसालेभात, बुंदी, जिलेबी. आज संध्याकाळी बंडूजी दारात उभे. डबा जसाच्या तसा परत! मी विचारलं, हे काय? तर खाली मान घालून म्हणतात, "वहिनी, एका म्हातारीनं बुंदीचा द्रोण समोर केला. म्हने, माया पोराच्या पहिल्या पगारातलं दान हाय. आता तिले कसं सांगू का मले शुगर हाय? दान देनाऱ्याचा हात मागं सारता येते काय? मंग एकीचं घेतलं अन् दुसऱ्याचं नाई घेतलं, असं तरी कसं करू?"

म्हणजे ह्या माणसानं कुणाचंही मन न मोडता स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत एका बाजूचे सगळे मंडप जेवत पार केले. आणि परत येताना त्याच बाजूनं नाही आले, दुसऱ्या बाजूचे मंडप राहिले होते म्हणून त्या बाजूनं आले! वर माझ्यासाठी रुमालात बांधून जिलेबी आणली. ओरडावं की हसावं कळेना. मी आधी ओरडले, मग आत जाऊन रडले.

हसू नका. तुम्हाला पुणं मिळालं आहे, माझं काय जाणार ते मला ठाऊक. परवा तपासणी आहे. आज मी पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि पुण्याला काय न्यावं ते पाहत बसले. पोळपाट न्यावा, तर नंदिनीकडे आहे. पाटा नेता येत नाही. अंगणातली तुरीची झाडं नेता येत नाहीत, ओसरी नेता येत नाही. पेटीत शेवटी चार लुगडी आणि तुमचा स्वेटर, एवढंच बसलं. विहारातल्या बायकांनी समारोपाची खीर माझ्याकडे दिली आहे, मी त्यांना अजून काही सांगितलं नाही.

हरले तर हरले म्हणेन. मी शब्द फिरवणारी बाई नाही.

तानाबाई

---

पुलगाव,
१६ ऑक्टोबर

विवेकच्या बाबांना,

आधी पंचांचा निकाल. सरिता काल कागद हातात नाचवतच आळीत शिरली. बंडूजींची शुगर उतरली! नुसती उतरली नाही, चांगली उतरली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "काय खाता?" तर बंडूजी म्हणाले, "उकिरड्यावरचं." मग सरितानं बाजू सांभाळली. मी तिला जिलेबीचं विचारलं तर ती हसली. "काकू, ह्या तपासणीले एक दिवसाचं काही वाटत नाई. थे तीन महिन्याची सवय पाह्यते." मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं रडणं वाचलं असतं.

बंडूजी ओसरीवर बसले ते बसलेच. मग हळूच म्हणाले, "आता पैज संपली. उद्यापासून मी घरीच रांधीन म्हनतो. अंबाडी येते मले." मी म्हटलं, रांधा, पण निवडायला इथंच या. तेव्हा कुठे हसले.

मी जिंकले म्हणून पेटी परत पलंगाखाली ढकलली आणि पुण्याला फोन लावला. नंदिनीनं उचलला. ती म्हणाली, "आई, बाबांचीही उतरली. जवळजवळ तेवढीच." म्हणजे त्या भुश्श्यानंही काम केलं! मग पैज बरोबरीत सुटली म्हणायची का? तुम्ही तिकडेच राहणार का? हे मी मनात म्हटलं, पण तोंडून गेलं असावं, कारण पोरगी हसायला लागली. एवढी हसली की तिला बोलता येईना.

मग तिनं सगळं सांगितलं. लबाड माणसा!

म्हणजे पहिल्या आठवड्यातच ओट्स तुमच्या घशाखाली उतरेनासे झाले. तुम्ही ते गॅलरीत कबुतरांना घालू लागलात आणि सोसायटीची नोटीस आली. मग माझं पत्र आलं, बंडूजींनी काय खाल्लं त्याचं. तुम्ही ते नंदिनीसमोर ठेवून म्हणालात, "सूनबाई, बंड्या हे खाऊन राह्यला. मलेही हेच पाह्यजे." तेव्हापासून प्रत्येक पत्र आलं की फ्रिजवर लागायचं आणि त्याबरहुकूम रांधलं जायचं. मोटाला मोड, जवसाची चटणी, लसणाची फोडणी, तेल थोडं. आणि फोन करून विचारणारी नंदिनी नव्हतीच, तुम्हीच तिच्या शेजारी उभं राहून तिला विचारायला लावत होतात!

अडीच महिने मी दोन माणसांना जेवायला घालत होते आणि मला एकच दिसत होता. पैज माझी, दोन्ही पैलवान माझ्याच तालमीतले. मी जिंकले की हरले, हे आता पंचांनाही सांगता येत नाही.

पण खरी मजा पुढेच आहे. नंदिनी म्हणाली, "आई, राग मानू नका, पण बाबांचं हे पथ्य आम्हाला परवडत नाही हो." ज्वारी मॉलमध्ये चकचकीत पुड्यात. जवस औषधाच्या दुकानात चिमूटभर, डबीत. अंबाडीसाठी विवेक रविवारी गाडी घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, आणि तिथं ती गुलाबाच्या फुलासारखी एकेक काडी बांधून विकायला ठेवलेली. तरोटा तर कुठंच मिळाला नाही. जो बंडूजींच्या उकिरड्यावर उगवतो, तो माझ्या नवऱ्याला पुण्यात पैसे देऊनही मिळेना.

आता सांगा. चांगलं खाणं परवडत नाही म्हणून पुलगाव सोडलंत ना? मग चांगलं खाणं परवडत नाही म्हणून पुणं सोडा. आता या घरी.

नंदिनीनं तिकीट काढलं आहे म्हणे, म्हणजे हे पत्र पोचायच्या आधी तुम्ही पोचाल. तरी टाकते आहे. फ्रिजवर लावायला पोरीला होईल.

तुमची,
तानाबाई

---

१८ ऑक्टोबर, घरातच
(भाकरीच्या टोपल्याखाली)

अहो,

काल खिरीच्या गडबडीत तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर पहिलं वाक्य काय बोललात, तर "खिरीत साखर कमी हाय." सगळा विहार हसला. मी खीर वाढत राहिले, उत्तर आज चिठ्ठीत. सवय लागली आहे.

मी विहारात खिरीची भांडी घासायला गेले आहे. तुम्ही झोपला होतात, उठवलं नाही. चहा बिनसाखरेचा आहे, डिक्की मी तपासली आहे. ओसरीवर अंबाडीची जुडी ठेवली आहे. पेपर पसरा आणि बसा. पानं घ्यायची, देठ टाकायचे. जमलं नाही तर बंडूजी येतीलच, त्यांना विचारा. प्रभाकररावही येतील, पण त्यांना चहा एकदाच द्यायचा.

आणि एक राहिलं. काल रात्री मांडणीवरचं तुमचं ताट काढून तुम्ही ते खालीवर करून पाहत होतात. मला दिसलं. बंडूजींना मी पहिल्या दिवसापासून पाहुण्यांच्या ताटात वाढत आले. तुम्हाला चिडवायला तसं लिहिलं होतं.

त्या ताटात मी जेवत होते.

भाकर टोपल्यात आहे, दोन्ही तुमच्या आहेत. माझी आल्यावर थापीन. थांबलात तर सोबत बसू.

ताना